पावणीत घेतलेलं जेवण

या वेळी आलेलं पत्र गोव्यातल्या फोंड्याच्या एका ताईंचं आहे, माहेर सत्तरी तालुक्यात. नाव-गाव काढून थोडक्यात सांगते. नवऱ्याच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी पणजीत एक कार्यक्रम केला. जखमी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या संस्थेला मदत म्हणून तिथे लिलाव होता, कुणी पेंटिंग घेतलं, कुणी होमस्टेचे दोन दिवस, आणि ताईंच्या नवऱ्याने बोली वाढवत वाढवत ३५ हजारांना एक जेवण घेतलं. म्हणजे वाघ-बिबट्यांवर काम करणाऱ्या एका वन्यजीव शास्त्रज्ञ बाईंबरोबर दुपारचं जेवण, दोन तास, बाई सोडून चार माणसं, पणजीतल्या हॉटेलात. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर सासरे म्हणाले, एका जेवणाचे ३५ हजार, तेवढ्यात घरचे वर्षाचे तांदूळ आले असते.

पुढचा घोळ खुर्च्यांचा. एक नवरा, एक ताई. उरलेल्या दोन जागांवर नवऱ्याला ऑफिसमधले दोन साहेब न्यायचेत, त्यांच्यावर चांगली छाप पडेल म्हणून. दहावीतल्या मुलीला काहीही करून यायचंय. आणि माहेरी ही गोष्ट कळल्यावर भाऊ म्हणाला, मलाच ने, त्यांना विचारतो माझ्या कुळागराचं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेचं काय करायचं. भावाचं कुळागर रानाला लागून आहे, गेल्या वर्षी गव्यांनी एका रात्रीत केळी झोपवली, काजूची कलमं तुडवली, नारळ-सुपारीवर माकडं असतातच. नुकसानभरपाईचा अर्ज अडकलाय कारण एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच तो) त्याचं नाव नाही. ताई लिहितात, "भाऊ तापट आहे, तिथे तो काहीतरी बोलेल आणि आमची शोभा होईल. मला स्वतःला इंग्रजी धड येत नाही, सायन्स दहावीनंतर सुटलं, मी त्या मॅडमशी बोलणार काय? त्यापेक्षा हे जेवण मुलीच्या शाळेला देऊन टाकू का? की साहेबांनाच जाऊ दे?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि प्रत्येक वेळी वाटलं की तुम्ही स्वतःला त्या टेबलावरची सगळ्यात फालतू पाहुणी समजताय. ते मला पटत नाही. का ते सांगते, पण सुरुवात सासऱ्यांपासून करते कारण घरात रोज तोच विषय निघत असणार.

सासऱ्यांना पावणीची आठवण करून द्या. देवळात जत्रा झाली, काला झाला की आपल्याकडे पावणी होते, देवाला आलेला नारळ, केळ्यांचा घड, कोहळा, एकेका वस्तूवर बोली लागते आणि बाजारात चाळीस-पन्नासला मिळणारा नारळ हजाराला जातो. तेव्हा कुणी म्हणतं का की नारळ महाग पडला? सगळ्यांना माहीत असतं की पैसे देवळाला दिलेत, नारळ ही त्याची आठवण. माझ्या वडिलांनी एकदा पावणीत फणस घेतला होता, किती पैसे घातले ते त्यांनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही, आई चिडली होतीच, पण दुसऱ्या दिवशी तिने तो फोडून वाड्यावरच्या प्रत्येक घरी चार-चार गरे पोचवले. पावणीतली वस्तू एकट्याने खायची नसते असं ती म्हणायची. हे मला पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

तर ३५ हजार त्या संस्थेला गेले, त्यातून कुठल्यातरी जखमी प्राण्याचं औषधपाणी होईल, तो हिशोब तिथे संपला. (पावती घेतली नसेल तर घ्या मात्र.) आता त्यातून 'वसूल' काही करायचं नाहीये. जगात सगळ्यात गाजलेलं असं जेवण अमेरिकेतले गुंतवणूकदार वॉरन बफेंचं, २००० सालापासून ते सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लाइड नावाच्या संस्थेसाठी स्वतःबरोबरच्या जेवणाचा लिलाव करत होते, ती संस्था गरीब आणि बेघर लोकांना जेवू घालते, आणि २०२२ मध्ये शेवटचं म्हणून जाहीर केलेल्या जेवणाला १ कोटी ९० लाख डॉलर आले. एवढ्या पैशांत न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून मिळतं काय, तर एका माणसाबरोबर काही तास बोलणं. आणि जिंकणाऱ्याला बरोबर सात जण नेता यायचे. म्हणजे बरोबर कोण आहे हाही त्या जेवणाचा मोठा भाग असतो, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

आता इंग्रजीचं आणि सायन्सचं. तुम्ही असं धरून चाललाय की मॅडम बोलणार आणि तुम्हाला कळलं पाहिजे, नाहीतर तुम्ही उघड्या पडाल. म्हणजे तोंडी परीक्षाच. पण जरा उलट बाजूने बघा ना. वाघ-बिबट्यांवर काम करणाऱ्या माणसाचे दिवस जातात कसे? कॅमेरे लावायला रान तुडवायचं, विष्ठा गोळा करायची, ठसे मोजायचे, आणि गावागावात जाऊन लोकांना विचारायचं की कधी दिसला, कुठून आला, गुरं नेली का. रानाला लागून राहणाऱ्या माणसाने नीट बसून खरं खरं सांगावं यासाठी ही माणसं किती चकरा मारतात! बहुतेक वेळा गावकरी त्यांना फॉरेस्टवाले समजून दोन शब्दांत कटवतात. आणि इथे रानाकाठी वाढलेली एक बाई स्वतःहून त्यांच्यासमोर दोन तास बसणार आहे. तुम्ही लहानपणी काय काय बघितलंय ते आठवा. कुठल्या महिन्यात गवे खाली उतरायचे, कुठल्या वहाळावर पाणी प्यायला यायचे, आजी रात्री कशाचा आवाज आला की दार लावायची, वाघ्रोच्या दगडापुढे नारळ कोण ठेवायचं आणि का. सत्तरीत वाघाला देव मानून पुजणारी गावं आहेत, देवाची राय, म्हणजे देवराई राखणारी गावं आहेत, बांबरच्या निरंकाराच्या रायीत जायफळाच्या जातीच्या झाडांचं दुर्मिळ पाणथळ रान लोकांच्या श्रद्धेमुळे टिकलं. हे सगळं मराठीत सांगा, कोकणीत सांगा. गोव्याच्या रानात काम करणाऱ्या माणसाला यातलं काहीतरी कळत असणारच, आणि अडलं तर मुलगी आहे ना बाजूला. दहावीची मुलं आपल्यापेक्षा झकास दुभाषी असतात.

आता भावाचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुम्ही लिहिलंय "शोभा होईल". मला वाटतं तुमच्या मनात कुठेतरी असं बसलंय की मॅडम प्राण्यांच्या बाजूच्या आणि भाऊ माणसांच्या बाजूचा, हे दोघं एका टेबलावर आले की भांडणच. असं वाटणं साहजिक आहे, सत्तरीत गेली काही वर्षं वातावरणच तसं आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारली गेली. गुरं मारल्याचा राग होता असं पुढे आलं. मला ती बातमी वाचून दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की ज्याचं दुभतं जनावर गेलं त्याच्या दारात वेळेवर कुणीतरी जाऊन बसलं असतं, पंचनामा केला असता, पैसे हातात ठेवले असते, तर कदाचित ते विष त्या मांसात गेलंच नसतं. मग जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने सरकारला सांगितलं की म्हादई आणि आसपासचा भाग तीन महिन्यांत टायगर रिझर्व्ह म्हणून नोटिफाय करा, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि गावागावांत भीती पसरली की आता आपल्याला उठवणार. तुमच्या भावाच्या डोक्यात हे सगळं असणार, केळी हे फक्त निमित्त.

पण शास्त्रज्ञ म्हणजे सरकार नाही, हे भावाला आधीच सांगा. टायगर रिझर्व्ह राज्य सरकार नोटिफाय करतं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या शिफारशीवरून. एखादी शास्त्रज्ञ बाई जेवताना ते करूही शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. भरपाईच्या अर्जावर सहीही तिची नसते. तो त्यांच्यावर ओरडला तर चुकीच्या खिडकीवर ओरडल्यासारखं होईल. उलट कायद्याचं एखादं कलम त्या त्याला नीट समजावू शकतील, उदाहरणार्थ टायगर रिझर्व्हच्या आतल्या गावांचं पुनर्वसन लोकांच्या संमतीनेच व्हायला हवं असं कायद्यात लिहिलंय, हे किती जणांना माहीत असतं? ते प्रत्यक्षात पाळलं जातं का, हा प्रश्न भावाने जरूर विचारावा, आणि त्याला सरळ उत्तर मिळायला हवं.

दुसरं, सगळे शास्त्रज्ञ एका सुरात बोलत नाहीत. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यावर जाहीर टीका केली होती, की तो रानाकाठच्या शेतकऱ्यावर अन्याय करतो. इतर कितीतरी अभ्यासकांना ते अजिबात पटत नाही, ते म्हणतात कायदा नसता तर आज वाघच नसते. मी स्वतः दुसऱ्या बाजूला जास्त झुकते. पण वाद आहे, आणि खरा आहे. तिसरं, कर्नाटकात बंदीपूर आणि नागरहोळेच्या आसपास २०१५ पासून 'वाइल्ड सेवे' नावाचं काम चालतं, जनावराने पिकाचं नुकसान केलं की शेतकरी एका नंबरवर फोन करतो, माणूस शेतावर येतो, फोटो काढतो, कागद गोळा करतो, भरपाईचा अर्ज भरून देतो. हे सुरू कुणी केलं? वाघ मोजणाऱ्या, कॅमेरे लावणाऱ्या शास्त्रज्ञांच्याच संस्थेने, सेंटर फॉर वाइल्डलाइफ स्टडीजने. कारण त्यांना कळलं होतं की शेतकऱ्याचा राग शांत झाला नाही तर वाघ मोजायला उरणार नाहीत. म्हणजे भावाचा अर्ज आणि मॅडमचा वाघ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच ताई, एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत.

म्हणून माझं मत सरळ सांगते, भावाला न्या. तुमच्या घरातून त्या जेवणाला सगळ्यात जास्त हक्काने कुणी जावं तर त्याने.

बाकीचे पर्याय मी उडवून लावत नाहीये. शाळेला देण्याची कल्पना चांगल्या मनाची आहे, पण तुम्ही ती घाबरून करताय, आणि चार जागा शाळेला दिल्या तर मुख्याध्यापक, एक ट्रस्टी आणि दोन हुशार मुलं जातील, तुमची मुलगी त्यात असेलच असं नाही. शाळेसाठी त्याच मॅडमना नंतर वेगळं बोलावता येईल, त्याला लिलाव कशाला लागतो? साहेबांचं म्हणाल तर नवऱ्याला दोष देऊ नका, त्यांनी घरचे पैसे घातलेत आणि माणूस चारी बाजूंनी विचार करतो. पण त्यांना एकांतात विचारा की साहेब तिथे बोलणार काय? दोन तास बिबट्याचे व्हिडिओ दाखवून, रिसॉर्टच्या गोष्टी करून, फोटो काढून जातील. छाप पाडायची असेल तर साहेबांना वेगळं घरी बोलवा, तुमच्या हातचं खतखतं खाऊन जास्त छाप पडेल. आणि तुम्हा दोघांचा मॅडमबरोबर फोटो निघेलच की.

तर चार माणसं: तुम्ही, नवरा, मुलगी, भाऊ. हिशोब जुळतो.

पण मला अजून एक सुचतंय, आवडलं तरच करा. हे जेवण पणजीच्या हॉटेलातच व्हायला हवं का? आयोजकांना विचारून बघा की मॅडमना चालत असेल तर हेच जेवण सत्तरीत, तुमच्या माहेरी, कुळागरात करता येईल का. ज्या माणसाचं काम रानात आहे त्याला एसी हॉटेलपेक्षा पोफळीच्या सावलीत पाटावर बसून जेवायला जास्त आवडण्याची शक्यता आहे, आणि भावाला तोंडाने काही सिद्ध करावं लागणार नाही, झोपलेली केळी, तुटलेला गडगा, खुरांचे ठसे, सगळं समोर असेल. रागावलेला माणूस दुसऱ्याच्या जागेत जास्त रागावतो, स्वतःच्या अंगणात तो यजमान होतो, आधी पाणी विचारतो, मग बोलतो. तापट माणसाला सांभाळायचा मला तरी हाच एक उपाय माहीत आहे.

फक्त हे विचारताना सांभाळून. त्या बाई तुम्हाला ओळखत नाहीत, अनोळखी घरी लांब गावात जायचं म्हणजे कुठल्याही बाईला विचार करावासा वाटणारच. नाही म्हणायला मोकळी जागा ठेवा. आयोजकांपैकी कुणीतरी बरोबर यावं असं स्वतःहून सुचवा, नेण्या-आणण्याची सोय तुमच्याकडे असेल असं लिहा, आणि त्या नाही म्हणाल्या तर मन लहान न करता पणजीला जा, भावाला घेऊनच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भाऊ येणार आहे आणि त्याचं कुळागर गव्यांनी उद्ध्वस्त केलंय हे आधी कळवा. तिथे गेल्यावर अचानक तक्रारीचा गठ्ठा पुढे करणं चांगलं नाही. आधी कळलं की त्या तयारीने येतील, कदाचित कुणाला फोन करून काही माहिती काढूनही आणतील. मेसेज मोठा नको, साधा, असा काहीतरी: "मॅडम, तुमच्याबरोबर जेवायचा मान आम्हाला मिळालाय. माझं माहेर सत्तरीत रानाला लागून आहे. माझा भाऊ बागायतदार आहे, गव्यांमुळे त्याचं बरंच नुकसान झालंय, त्याला तुमच्याशी बोलायचंय, तुम्हाला चालेल ना? तुम्ही काय खाता, काय चालत नाही, तेही कळवा." एवढं पुरे.

भावाला तयारी करायला लावा, राग कागदावर उतरला की निम्मा कमी होतो. एक वही करायची: कुठल्या तारखेला काय आलं, किती झाडं गेली, कुठल्या बाजूने आलं. मोबाइलवर फोटो, आणि ठशांचा फोटो काढताना बाजूला काडेपेटी नाहीतर नाणं ठेवायचं, म्हणजे आकार कळतो, नुसता ठशाचा फोटो कुणालाच काही सांगत नाही. ही वही जेवणासाठी तर उपयोगी आहेच, पण पुढे झोनल ॲग्रिकल्चर ऑफिसात किंवा फॉरेस्टच्या रेंज ऑफिसात जाताना जास्त उपयोगी आहे. उताऱ्यावर नाव नसल्याचा त्रास एकट्या तुमच्या भावाचा नाही, मोकासो आणि आल्वारा या पोर्तुगीज काळापासूनच्या जमिनींच्या घोळामुळे सत्तरीत घरटी हे दुखणं आहे, ते शास्त्रज्ञ सोडवणार नाहीत, ते पंचायत, मामलेदार आणि आमदारांकडेच न्यायला हवं. पण नुकसान खरंच झालंय याची तारीखवार नोंद असली तर भांडायला हातात काहीतरी असतं. वाचकांमध्ये अजून कुणाचं कुळागर रानाकाठी असेल तर त्यांनीही ही वही आजपासून सुरू करावी, जेवण असो नसो.

त्याने विचारायचं काय? "आम्ही मरायचं का?" असं नको, कारण त्याला उत्तर नसतं, फक्त सगळे गप्प होतात. त्यापेक्षा विचारावं, मॅडम, गव्यांना अडवायला सौर कुंपण खरंच चालतं का, किती उंच लागतं, ते बंद कशामुळे पडतं? रानडुकरांसाठी लोक तारेचे फासे लावतात त्यात बिबटे अडकतात, मग डुकरांना अडवायला दुसरं काय? (आणि भाऊ किंवा शेजारी कुंपणात मेनची लाईट सोडत असतील तर ताई, ते आज थांबवा. गुन्हा आहेच, पण त्याने पहाटे वहाळावर गेलेला माणूस मरतो.) आणि एक प्रश्न तर त्याने नक्कीच विचारावा, माकडतापाचा. क्यासनूरचा हा ताप १९५७ मध्ये शिवमोग्याकडे पहिल्यांदा लक्षात आला, आणि २०१५-१६ पासून सत्तरीतल्या काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याने छळलंय. गोचिडीतून पसरतो. रानात किंवा बागेत माकड मरून पडलेलं दिसलं की हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला कळवायचं असतं. म्हणजे मेलेलं माकड पहिल्यांदा बघणारा बागायतदारच अख्ख्या गावाचा पहारेकरी असतो. हे मॅडमच्या तोंडून ऐकलं तर भावाला कळेल की रानावर नजर ठेवणाऱ्यांत तोही आहे.

तुम्ही स्वतः काय विचाराल? मनात येईल ते. तुम्ही या कामात कशा आलात, रानात एकट्या असताना भीती वाटते का, घरचे काय म्हणाले, कुठल्या गोष्टीत तुमचा अंदाज पार चुकला. हे प्रश्न साधे आहेत म्हणून कमी नाहीत. आणि मुलीला आधीपासून चिठ्ठी लिहून देऊ नका, तिला तिचं विचारू दे. तिला हे सांगून ठेवा, वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, आणि डाव्या-उजव्या बाजूचेही एकसारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. तिथून तिची गाडी आपोआप पुढे जाईल. फक्त तिच्यादेखत "हिला या लाईनमध्ये नोकरी मिळते का हो, पगार किती" हे नवऱ्याला काढू देऊ नका. मुलीला विचारायचं असेल तर ती विचारेल.

न विचारण्यासारखं एकच आहे, वाघ नक्की कुठे दिसतो, कॅमेरे कुठे लावलेत. त्या सांगणार नाहीत, सांगूही नये. आणि त्यांनी सहज काही जागा बोलून दाखवली तरी व्हॉट्सॲपवर टाकू नका, कुणीतरी बाइक घेऊन तिथे पोचतं, किंवा त्याहून वाईट कुणीतरी.

जेवायचं बोलूया. माहेरी जमलं तर तिथलंच जेवण, खतखतं, अळसांद्याचं तोणाक, फणसाची भाजी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. मॅडम शिवराक (शाकाहारी) असतील तर प्रश्नच मिटला. मासे खात असतील तर बांगडे करा, आंबट-तीक करायचं तर त्याचंच, पण मोरीचं, म्हणजे शार्कचं नको. मला माहीत आहे की मोरीच्या आंबट-तीकाला तोड नाही, माझ्याही घरी व्हायचं. पण खुल्या समुद्रातल्या मोरी आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटलीय असं २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं, त्यांना पिल्लं कमी होतात आणि उशिरा होतात, आणि काही जाती तर आता वन्यजीव कायद्याखाली आहेत, मासळीवालीकडच्या तुकड्यावरून जात ओळखता येत नाही. आणि वाड्यावरच्या कुणी प्रेमाने म्हटलं की पाहुण्या येतायत, रानातलं काहीतरी आणून देतो, तर हात जोडून नाही म्हणा. डुक्कर, साळिंदर, काही नाही. तो गुन्हा आहे, आणि त्या बाईंना पानावरून उठावं लागेल.

पहिला अर्धा तास फक्त जेवा. भावालाही सांगा, पहिलं वाढणं होईपर्यंत कुळागर नाही. मग त्याला आधी बोलू दे, मध्ये तोडू नका, नवऱ्यालाही तोडू देऊ नका. तुम्हाला वाटेल तो जास्त बोलतोय, आवाज चढतोय. चढू दे थोडा. ज्याची केळी गेलीत त्याचा आवाज चढतोच, आणि रानाकाठी इतकी वर्षं काम केलेल्या बाईने याहून मोठे आवाज ऐकलेले असणार. फारच झालं तर तुम्ही उठून ताक आणा, तेवढ्यात तो थांबेल. तुम्ही बहीण आहात, तुम्हाला त्याची खूण माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे.

आणि पावणीतल्या वस्तूचं मी म्हटलं होतं ना, एकट्याने खायची नाही. मॅडम माहेरी यायला तयार झाल्या तर त्यांना आधी विचारून, जेवणानंतरच्या चहाला शेजारचे दोन-तीन बागायतदार आणि एखादी बचत गटातली बाई बोलवा, त्याहून जास्त नको, सभा होता कामा नये. वाड्यावरच्या शेजारणीला, तिची बाग भावाच्या बागेच्या वर असेल तर तिला तर नक्कीच, कारण गवे आधी तिच्याकडून उतरत असणार.

सासऱ्यांना पण विचारा येणार का. फोंड्याहून वाळपईला गाडी जाणारच आहे, मुलीला मागे मध्ये बसवलं की पुढची सीट मोकळी होते.